चौथ्या गोळीआधीचा प्रश्न : एका घोरणाऱ्या शेतकऱ्याचं प्रकरण

जानेवारी 2023 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले ते तळपायात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुंट घुसलं म्हणून. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सवयीनं बीपीचा पट्टा बांधला. 172/104. पाय ठणकतोय, घाबरले असतील, असं म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं. 168/104. वय 52. चौदा एकर शेती, कापूस आणि मका, गावात बियाण्या-खताचं छोटं दुकान. सगळं गाव त्यांना जिभाऊ म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांनी अट एकच घातली, मिशीबद्दल लिहायचं असेल तर नीट लिहा. ते पुढे येईलच.

पुढचे दहा महिने मी जे केलं ते कुठलाही फिजिशियन करतो. बीपीची गोळी टेल्मिसार्टन सुरू केली, मग वाढवून 80 वर नेली. अॅम्लोडिपिन जोडली, तीही 10 पर्यंत. मग क्लोर्थॅलिडोन, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. रक्तातली साखर थोडी वर होती (तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 7.2), तिला मेटफॉर्मिन. लोणचं, पापड, बिबडे कमी करा, हे दर खेपेला सांगितलं आणि दर खेपेला त्यांनी मान डोलावली. नोव्हेंबरमध्ये तीन गोळ्या पूर्ण डोसात चालू असताना बीपी होतं 162/100.

तीन वेगवेगळ्या गटांतली औषधं, त्यातलं एक लघवीचं, पुऱ्या मात्रेत देऊनही दाब उतरत नसेल तर त्याला 'दाद न देणारा रक्तदाब' म्हणतात. तेव्हा डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते ती गोळ्या चुकवल्याची. मी जिभाऊंना गोळ्यांची पाकिटं घेऊन बोलावलं. मोजली, बरोबर होती. क्रिएटिनिन ठीक, थायरॉइड ठीक, सोनोग्राफीत किडन्या ठीक. मी चौथी गोळी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात पहिल्यांदाच सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्या घोरतस ते चालस. पन घोरणं बंद व्हई जास तवय माले भ्याव लागस." म्हणजे, घोरतात ते चालतं, पण घोरणं बंद होतं तेव्हा मला भीती वाटते.

पेन खाली ठेवलं. दहा महिन्यांत मी या माणसाची किडनी, थायरॉइड, मीठ, तंबाखू सगळं विचारलं होतं. झोप कशी लागते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग वहिनींनी जे सांगितलं ते कुठल्याही प्रश्नावलीत बसणार नाही. उन्हाळ्यात घरातले सगळे गच्चीवर झोपतात, तेव्हा जिभाऊंचं घोरणं तीन घरं पलीकडे जातं. त्याला आता कुणी हसत नाही, सवय झालीये. पण मधेच ते थांबतं. वहिनी मनात आकडे मोजतात. वीसपर्यंत, कधी तीसपर्यंत, एकदा चाळीसच्या वर. मग जिभाऊ बुडणारा माणूस वर यावा तसा मोठा आचका देतात, कूस बदलतात आणि पुन्हा सुरू. वहिनी कित्येक रात्री हात त्यांच्या छातीवर ठेवून झोपल्यात. जिभाऊंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची तक्रार वेगळी होती. रात्री चारदा लघवीला उठावं लागतं, सकाळी डोकं जड असतं, आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना डुलकी लागते. लघवीचं खापर त्यांनी साखरेवर आणि माझ्या गोळीवर फोडलं होतं. डुलकीचं वयावर. आणि "झोप नीट लागत नाही" म्हणून कुणीतरी त्यांना अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली होती, ती ते वर्षभर घेत होते. घशाचे स्नायू आधीच ढिले पडणाऱ्या माणसाला आणखी ढिलं करणारी, आचका देऊन जागं होण्याची वाट अडवणारी गोळी! ती पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू उतरवत बंद केली. एकदम सोडली असती तर उलटली असती.

मोजमापं घेतली. वजन 94 किलो, उंची 168 सेंटिमीटर, मान 43 सेंटिमीटर. मान हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पुरुषाच्या गळ्याचा घेर 40 च्या पुढे गेला की हा विचार मनात आणावाच लागतो. शर्टाचं वरचं बटण लागत नाही, हे जिभाऊंनी स्वतःहून सांगितलं. त्यांना वाटायचं शिंप्याची चूक. ईसीजीत डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा होत्या. इकोत त्याची भिंत 13 मिलिमीटर आणि डावा वरचा कप्पा फुगलेला. पंपाची ताकद मात्र चांगली होती.

झोपेची तपासणी दोन प्रकारे होते. एक प्रयोगशाळेत, डोक्याला तारा लावून, रात्रभर तंत्रज्ञ शेजारी. दुसरी घरी : छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. ज्याचं लक्षण इतकं स्पष्ट आहे त्याला दुसरी पुरते. जळगावहून यंत्र मागवलं, एका रात्रीसाठी. अहवाल असा आला : तासाला 47 वेळा श्वास थांबणं किंवा फारच उथळ होणं. पाचच्या आत असेल तर सामान्य, तीसच्या पुढे तीव्र. सर्वांत लांब थांबा 74 सेकंदांचा. रक्तातला प्राणवायू 68 टक्क्यांपर्यंत उतरलेला, आणि रात्रीचा जवळपास तिसरा हिस्सा 90 च्या खाली. सहा तासांची झोप धरली तर पावणेतीनशेच्या वर खेपा. मी आकडा सांगितल्यावर जिभाऊ वहिनींकडे बघून म्हणाले, "तू मोजत होती ते खरं होतं म्हणजे."

हा आजार म्हणजे झोपेतला अडथळ्याचा श्वासरोध, लोक स्लीप अॅपनिया म्हणतात. बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022 मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव घेतलं होतं, त्यामुळे जिभाऊंच्या मुलाला ते ऐकून माहीत होतं. "सोन्याचे दागिने घालणारे ते?" जिभाऊंनी विचारलं. हो, तेच. पण हा काही सिनेमावाल्यांचा आजार नाही. दिल्लीच्या एम्सच्या तज्ज्ञांनी भारतातले अभ्यास एकत्र करून 2023 मध्ये जो अंदाज मांडला त्यानुसार प्रौढांमध्ये साधारण 11 टक्के लोकांना तो आहे, पुरुषांत जास्त. आपल्या प्रत्येक गच्चीवर कुणीतरी असा झोपलेला असणारच.

जिभाऊंना हे समजावताना मला विहिरीच्या मोटारीचा उपयोग झाला. मोटार ओढतेय पण सक्शनचा पाइप मऊ पडलाय, अशा वेळी काय होतं? पाइप आतल्या आत चपटा होतो, मोटार घुरघुरते, पाणी येत नाही. झोपेत घसा तसाच चपटा होतो. छाती ओढत राहते, हवा येत नाही. आणि ती ओढ थोडीथोडकी नसते. बंद घशाविरुद्ध छातीत इतका उणा दाब तयार होतो की त्याच छातीत बसलेल्या हृदयाच्या भिंती बाहेरच्या बाजूला खेचल्या जातात. वरचे पातळ कप्पे ताणले जातात. ताणलेला कप्पा एक संप्रेरक सोडतो, ते किडनीला सांगतं पाणी बाहेर टाक. जिभाऊंच्या चार खेपांमागे हे होतं, नुसती साखर नव्हे.

इकडे प्राणवायू घसरला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. अॅड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, आचका बसतो, श्वास येतो, आणि त्याच क्षणी बीपी उसळी मारतं. असं पावणेतीनशे वेळा. निरोगी माणसाचं बीपी रात्री दिवसापेक्षा 10 ते 20 टक्के उतरतं. हृदयाची ती विश्रांतीची वेळ. जिभाऊंना चोवीस तास बीपी नोंदवणारा पट्टा लावला तेव्हा दिवसाची सरासरी 151/94 आली आणि रात्रीची 149/91. म्हणजे रात्र त्यांच्यासाठी रात्रच नव्हती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 2005 च्या एका अभ्यासात अचानक हृदय बंद पडून गेलेल्या 112 जणांच्या वेळा तपासल्या होत्या. या सर्वांची झोपेची तपासणी आधी झालेली होती. श्वासरोध असलेल्यांपैकी 46 टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत गेले, नसलेल्यांपैकी 21 टक्के. एरवी असे मृत्यू सकाळच्या प्रहरी जास्त होतात. हा आकडा मी जिभाऊंना सांगितला नाही. वहिनींना तर नाहीच.

त्याच आठवड्यात होल्टर, म्हणजे हृदयाची लय सतत नोंदवणारं यंत्र, लावला, कारण पहाटे कधीतरी छातीत 'पाखरू फडफडल्यासारखं' होतं असं ते म्हणाले होते. पहाटे 2:40 च्या सुमारास बावीस मिनिटं हृदयाची लय पूर्ण विस्कटलेली सापडली. एट्रियल फिब्रिलेशन. ही लय आली की वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली. ती आजही चालू आहे.

चौथी गोळीही मी लिहिलीच. 162/100 वर माणसाला ठेवून मशीनची वाट बघणं बरोबर नव्हतं. स्पायरोनोलॅक्टोन 25, कारण दाद न देणाऱ्या रक्तदाबात चौथी म्हणून ती सर्वांत उपयोगी ठरल्याचं 2015 च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं होतं. पोटॅशियम दोन आठवड्यांनी तपासलं, कारण टेल्मिसार्टनसोबत ते चढू शकतं. महिनाभरात दवाखान्यातलं बीपी 148/92 वर आलं. हे इथे मुद्दाम लिहितोय. पुढे जे सुधारलं त्यातलं सगळं मशीनच्या नावावर टाकायचा मोह होतो, आणि तो खोटेपणा होईल.

आता मशीन. सीपॅप म्हणजे नाकावर मास्क लावून सतत दाबाची हवा सोडणारा छोटा पंप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये पाच रुग्णांवरचा पहिला अनुभव छापला. त्या वेळच्या यंत्राला व्हॅक्यूम क्लीनरची मोटार होती. यात औषध नाही, प्राणवायूही नाही, साधी खोलीतलीच हवा. शेतात अंथरलेला लपेटा पाइप पाणी नसताना चपटा पडलेला असतो आणि दाबाचं पाणी आलं की गोल उभा राहतो, तसा घसा रात्रभर उघडा राहतो. जिभाऊंना हे चटकन पटलं. किंमत पटली नाही. अठ्ठेचाळीस हजार. "सात क्विंटल कापूस," ते म्हणाले. त्यांचा सगळा हिशेब कापसात चालतो.

त्यांनी मला विचारलं तो प्रश्न साधा होता : "हे लावलं तर हार्ट अॅटॅक येणार नाही ना?"

याचं प्रामाणिक उत्तर द्यायला मला दहा मिनिटं लागली. आधी आशा वाढवणारे अभ्यास आले. स्पेनमध्ये 2005 साली हजारावर पुरुषांना सरासरी दहा वर्षं पाहिलं, तेव्हा तीव्र आजार असून उपचार न घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू बरेच जास्त, आणि मशीन वापरणारे जवळपास निरोगी माणसांच्या रांगेत. पण त्यात मशीन कुणी घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी 2016 मध्ये आली, सेव्ह नावाची. सात देश, त्यात भारतही. 2,700 च्या आसपास रुग्ण, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार. सरासरी 3.7 वर्षं पाहिल्यावर मशीनवाल्यांत 17 टक्क्यांना पुन्हा काहीतरी गंभीर झालं, बिनमशीनवाल्यांत 15.4 टक्क्यांना. म्हणजे फायदा शून्य. घोरणं, दिवसाची झोप, मनाची उभारी हे सुधारलं, पण झटके टळले नाहीत.

हा निकाल वाचून अनेक डॉक्टरांनी सीपॅपवरचा विश्वास सोडला. मी सोडला नाही, त्याला दोन कारणं. एक, त्या चाचणीत लोकांनी मशीन रात्री सरासरी फक्त 3.3 तास लावलं होतं. अर्धी रात्र घसा बंदच. दोन, ज्यांना दिवसा अतोनात झोप येते किंवा ज्यांचा प्राणवायू फारच खाली जातो त्यांना, उपचारावाचून ठेवणं बरं नाही म्हणून, चाचणीत घेतलंच नव्हतं. माझ्यासमोर बसलेला माणूस नेमका त्यातलाच. मग 2023 मध्ये सेव्हसह तीन चाचण्यांतल्या 4,186 जणांची माहिती एकत्र तपासली गेली. सगळे मिळून बघितलं तर फरक नाहीच. पण जे रोज चार तास किंवा जास्त लावत होते त्यांच्यात हृदय आणि मेंदूच्या घटना सुमारे 31 टक्क्यांनी कमी. यालाही मेख आहे : रोज रात्री इमानानं मास्क लावणारा माणूस गोळ्याही इमानानं घेतो, चालायलाही जातो. त्यामुळे श्रेय कुणाचं, हे पुरतं सुटत नाही.

रक्तदाबाचं मात्र बरंच स्पष्ट आहे. सरासरी दोन-तीन मिलिमीटर उतरतो. दाद न देणाऱ्या रक्तदाबाच्या 194 रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या चाचणीत (2013) बारा आठवड्यांत चोवीस तासांची सरासरी 3.1 ने उतरली, आणि जितके तास जास्त तितका उतार जास्त. तीन मिलिमीटर म्हणजे काही जादू नाही. एका साध्या गोळीनं याहून जास्त उतरतं.

म्हणून मी जिभाऊंना सांगितलं : झटका येणार नाही अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. रात्रीचं बीपी उतरेल, दिवसाची डुलकी जाईल, पहाटेचं पाखरू कदाचित शांत होईल. पण रात्रभर लावलं तरच. त्यांनी मशीन घेतलं. माझ्यापेक्षा वहिनींच्या मोजणीवर जास्त विश्वास ठेवून घेतलं असं मला वाटतं.

आणि मग तीन महिने काहीही झालं नाही.

एप्रिल 2024 मध्ये आले तेव्हा बीपी 150/94. "मशीन रोज लावतो," जिभाऊ म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, रोज लावत होतेच. मशीनमध्ये एक छोटं कार्ड असतं, त्यात प्रत्येक रात्रीची नोंद होते. ते लॅपटॉपला लावलं. सरासरी एक तास पन्नास मिनिटं. आठवड्यातले काही दिवस तर वीस-वीस मिनिटं. नोंदीचा आलेख बघताना एक गोष्ट लक्षात आली : वाईट रात्री विखुरलेल्या नव्हत्या. एक आठवडा बरा, पुढचा आठवडा वाईट, पुन्हा बरा. मी म्हटलं, जिभाऊ, हे काय? त्यांनी आलेखाकडे बघितलं आणि ताबडतोब उत्तर दिलं, "लाईट."

शेतीपंपाची थ्री-फेज त्यांच्या फीडरला एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात जिभाऊ दहाला झोपत, बाराला उठून मोटार चालू करायला जात, दोनला बारे बदलायला, म्हणजे पाणी दुसऱ्या वाफ्यांत वळवायला, चारला पुन्हा. मक्याला पाणी तर द्यावंच लागतं. एकदा मास्क काढला की परत लावायचा कंटाळा. मला या आलेखात आजार बंद न होण्याचं कारण दिसत होतं. त्यांना महावितरणचं वेळापत्रक दिसत होतं. ते जास्त बरोबर होते.

बाकीच्या अडचणी त्यामानानं किरकोळ, पण त्यांनीच माणूस मशीन सोडतो. ज्यानं मशीन विकलं त्यानं मास्क चेहऱ्यावर बसवून दाखवलाच नव्हता. खोकं दिलं, बिल दिलं, झालं. नाकावरचा त्रिकोणी मास्क जिभाऊंच्या मिशीवर टेकायचा आणि खालून फुस्स करून हवा सुटायची. सुटलेली हवा डोळ्यांत जायची, सकाळी डोळे लाल. मिशी कमी करा असं मी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. वडील गेले तेव्हाही रिवाज म्हणून एकदाच उतरवलेली, त्यानंतर कात्री फक्त टोकांना लागलेली अशी ती मिशी आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांना शोभते. उपाय दुसरा निघाला : नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ उश्यांचा मास्क, जो मिशीच्या वरच थांबतो. तोंड उघडून हवा जायची, त्याला हनुवटीचा पट्टा.

मशीनच्या हवेला ओलावा देणाऱ्या डब्यात ते बोअरचं पाणी घालत होते. तळाशी पांढरा थर जमला होता, चमच्यानं खरवडावा असा. तिथे डिस्टिल्ड पाणीच हवं. घरची लाईट गेली की मशीन बंद पडायचं आणि जिभाऊ घाबरून मास्क ओरबाडून काढायचे. मास्कला श्वास बाहेर जायची भोकं असतात, गुदमरून कुणी मरत नाही, हे मी त्यांना बटण बंद करून तिथेच दाखवलं. दुकानातला इन्व्हर्टर घरी आणला. ओलाव्याचं हीटर बंद ठेवलं तर हे मशीन छताच्या पंख्याइतकीही वीज ओढत नाही.

आणि गच्ची. मास्क लावून गच्चीवर झोपायला ते तयार नव्हते. गल्ली बघेल. मे महिन्याच्या उकाड्यात खाली खोलीत, कूलरच्या घरघराटात एकटे झोपायला तयार होते, पण चार लोकांसमोर नळी लावायला नाही. घोरण्याची लाज कधी वाटली नव्हती, उपचाराची वाटत होती. यावर माझ्याकडे औषध नव्हतं. खाली झोपा म्हटलं.

पाण्याचा प्रश्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुटला. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचं, साल आखाजीला ठरतं. त्या वर्षी जिभाऊंनी पहिल्यांदा सालदार ठेवला आणि रात्रीचं पाणी त्याच्याकडे दिलं. मोटारीला मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टरही बसवला, त्यामुळे सालदारालाही फक्त बारे बदलायलाच उठावं लागतं. जून 2024 पासूनच्या नोंदीत सरासरी पाच तास वीस मिनिटं. आलेखातली आठवड्याची लाट पुसली गेली. मशीन लावल्यावर श्वास थांबण्याच्या उरलेल्या खेपा तासाला चारच्या आसपास.

नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा चोवीस तासांचा पट्टा लावला. दिवसा 140/86, रात्री 128/77. रात्रीचा उतार साडेआठ टक्के. अजून दहा नाही, पण आधी तो जवळपास नव्हताच. रात्रीचा वरचा आकडा 21 मिलिमीटरनं उतरला होता. चाचण्यांतली सरासरी तीन, मग इथे एकवीस कसे? त्यात स्पायरोनोलॅक्टोनचा वाटा आहे. दरम्यान वजन 94 वरून 89 झालं होतं, त्याचा आहे. झोपेची गोळी बंद झाली, त्याचा आहे. रात्री बारा, दोन, चारला उठून शेतात जाणं थांबलं, त्याचा तर मोठाच असणार, कारण ज्याचं अंग रात्री बांधावर चालतंय त्याचं बीपी उतरणार कुठून? आणि उरलेला मशीनचा. कोणी मला टक्केवारी मागितली तर मी देऊ शकत नाही. एका रुग्णावरून ती काढताही येत नाही. लघवीला उठणं मात्र चारावरून एकावर आलं, आणि ते मशीन लावलेल्या रात्रींशी इतकं घट्ट जोडलेलं होतं की ज्या रात्री मास्क राहिला त्या रात्री पुन्हा तीन-चार खेपा. हा पुरावा जिभाऊंना कुठल्याही आलेखापेक्षा जास्त पटला.

2025 च्या सुरुवातीला अॅम्लोडिपिन निम्मी केली, पाय सुजत होते म्हणून. बाकीच्या तीन गोळ्या तशाच. मुलानं इंजेक्शनबद्दल विचारलं, वजन उतरवणारं टिर्झेपटाइड, जे मार्च 2025 मध्ये भारतात आलं. प्रश्न बरोबर होता. लठ्ठ माणसांतल्या श्वासरोधावर त्याची चाचणी झालेली आहे, तासाला श्वास थांबण्याच्या खेपा पंचवीस ते तीसनं कमी झाल्या, आणि अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये याच आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. जिभाऊंना साखर आणि वजन दोन्ही आहे, म्हणजे ते योग्य उमेदवार. महिन्याचा खर्च ऐकून त्यांनी पुन्हा कापसाचा भाव विचारला आणि विषय तिथेच थांबला. सध्या दुपारची दुसरी भाकरी कमी करून आणि संध्याकाळी शेतापर्यंत मोटारसायकलऐवजी पायी जाऊन वजन 87 वर आहे.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो, कारण हे वाचून कुणी शेजाऱ्याचं मशीन उसनं आणेल. हृदयाचा पंपच कमजोर झालेल्या रुग्णांत वेगळ्या प्रकारचा श्वासरोध असू शकतो, त्यात घसा बंद नसतो, मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायचा थांबतो. अशांना एका विशिष्ट प्रकारचं आपोआप जुळवून घेणारं मशीन लावून पाहिलं तेव्हा 2015 च्या चाचणीत हृदयविकारानं होणारे मृत्यू वाढले. म्हणून आधी इको, आधी झोपेची तपासणी. जिभाऊंचा पंप चांगला होता, घसा बंद होता, म्हणून त्यांना हे मशीन.

होल्टर गेल्या वर्षी दोनदा लावला. विस्कटलेली लय दिसली नाही. तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केलेली नाही, कारण दोन-दोन दिवसांच्या नोंदीत न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, आणि मशीननं ही लय कायमची जाते असं चिठ्ठ्या टाकून केलेल्या छोट्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. जिभाऊंना ती गोळी महाग वाटते. यावर आमचं दर तीन महिन्यांनी एकदा भांडण होतं, आणि आतापर्यंत दर वेळी मी जिंकलोय.

मागच्या खेपेला कार्ड लावलं तेव्हा श्रावणातले तीन दिवस कोरे होते. कानबाईचं जागरण, पाहुणे, मशीन कपाटात. ते मला चालतं. मास्कच्या उश्या कडक झाल्यात, बदलायला झाल्यात, दिवाळीनंतर घेतो म्हणाले होते, अजून घेतलेल्या नाहीत. दवाखान्यातलं बीपी 138/86. बोलता बोलता ते म्हणाले, सालदार हल्ली दुपारी बांधावर बसल्या बसल्या झोपतो. वय किती, मी विचारलं. सदतीस. मान? ते जिभाऊंनी कधी बघितलं नव्हतं.

पुढची तारीख आखाजीच्या आधीची दिलीये. येताना कार्ड, नव्या उश्या आणि सालदार, तिन्ही घेऊन या म्हणालो.